मागच्या तारखेचे धवले

"मशीन दहा मिनिटांत चालू करून देतो," ओमकार म्हणाला, "पण दसऱ्यानंतर त्यात जे काही टाकलंत ते सगळं जाईल."

उन्नतीने आईकडे पाहिलं. रंगूबाई काउंटरला हात टेकून उभी होती. शेलारहून रिक्षाने, कॉम्प्युटर मांडीवर घेऊन, दोघी निजामपुऱ्यातल्या त्याच्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात आल्या होत्या.

रंगूबाई त्या भागातली नावाजलेली धवलारीण. भटजी असो नसो, तिच्या आवाजाशिवाय लग्नाच्या मांडवात काही हलायचं नाही. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, वेगळा. असे बत्तीस धवले उन्नतीने गेल्या कार्तिकात घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केले होते. दुसरीकडे कुठेही नव्हते. आणि काल कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस शिरला होता.

"धवले गेले तर मशीन काय चाटायचंय?" उन्नती म्हणाली. "रविवारी गावात लग्न आहे. त्याच्या आत पाठ व्हायला पाहिजेत."

ओमकारला बरं वाटलं. त्याच्याकडे येणारी गिऱ्हाइकं गेम आणि साखरपुड्याचे फोटो यांपलीकडे कशासाठी हळहळत नसत. ही मुलगी गोदामाच्या ऑफिसात नोकरी करून आईची विद्या शिकू बघत होती.

"बाहेर कुठं बोलू नको हां, बाला," रंगूबाई म्हणाली.

"नाही काकी." धंद्याची गोष्ट धंद्यात राहायला हवी, हे ओमकारला पटलं.

समजावून सांगायची त्याला भारी हौस. गिऱ्हाइकाचा जीव टांगणीला लागलेला असला तरी तो सोडायचा नाही. "दोन प्रकारची सॉफ्टवेअर असतात. दसऱ्याला मी टाकलं ते रोलबॅक. ते त्या दिवसाची खूण ठेवतं. काही बिघडलं की मशीन सरळ त्या दिवसावर परत. दुसरं बॅकअप. ते आख्ख्या डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढतं. पहिलं झटपट, पण मधलं सगळं पुसतं. दुसरं वेळखाऊ, पण काही सोडत नाही. व्हायरससुद्धा."

"मंग तवाच दुसरा का न्हाय टाकलास?"

ओमकार ओशाळला. घरच्या मशीनला कशाला हवी दुसरी डिस्क, असं त्यानेच तेव्हा सांगितलं होतं. "चुकलं माझं, काकी."

त्याने डिस्क काढून कानाशी धरून सुरू केली. आत टकटक होत होती. "ही पण जायला आलीय. नक्कल काढायला अडीच तास लागतील. तीन वाजता लोडशेडिंग. मधेच डिस्क बसली तर मशीनही गेलं आणि धवलेही."

भिंतीवर सव्वाबारा झाले होते.

मग त्याला साधीच गोष्ट सुचली. "पण एवढी घाई कशाला? काकी तर इथेच आहेत. मी मशीन दसऱ्यावर नेतो, तुम्ही संध्याकाळी घरी बसून परत रेकॉर्ड करा. दोन-तीन तासांचं काम."

उन्नतीने काउंटरवरची एक वायर उचलली.

"आईचा घसा बसलाय," उन्नती म्हणाली.

तेवढ्यात गल्लीत एक टेम्पो मागे येऊ लागला. "ए भाऊ, बाई हाय मागं, बघ जरा," रंगूबाई ओरडली. शेजारच्या पॉवरलूमच्या खडखडाटातही तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. टेम्पो थांबला.

ओमकारने उन्नतीकडे पाहिलं. ती हातातली वायर उगाच गुंडाळत होती.

त्याला राग आला. घसा कसला बसलाय? म्हातारीला द्यायचंच नाहीये. एकदा कधी तरी रेकॉर्ड करू दिलं, आता हात आखडता घेतेय.

"नक्कलच काढ, ओमकारदादा," उन्नती म्हणाली. "मशीन गेलं तरी चालेल."

त्याने डिस्क आपल्या कॉम्प्युटरला जोडली. आकडे सरकू लागले. अकरा टक्के. एकोणीस. रंगूबाई स्टुलावर बसून पडद्याकडे पाहत राहिली. चहा आला तो तसाच गार झाला.

चाळिसाला ओमकारला राहवलं नाही. "काकी, लहान तोंडी मोठा घास घेतोय. पण आपल्याकडचं आपल्याच लेकीला द्यायला एवढं जड का जावं? माझी आई गेली, तिची एक ओवी माझ्याकडे नाही. आज फार वाटतं."

"ओमकारदादा, राहू दे," उन्नती म्हणाली.

"बोलू दे त्याला," रंगूबाई म्हणाली. "बराबर बोलतंय पोर. कवाच द्याला पायजे होता." तिने पदराने तोंड पुसलं.

एकसष्टावर आकडा अडकला. टकटक वाढली. उन्नतीने आईचा हात धरला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ओमकारलाही घाम फुटला, कारण आता गेलं असतं ते त्याच्याच दसऱ्याच्या सल्ल्यामुळे गेलं असतं. मग आकडा पुन्हा हलला.

तीनला दहा कमी असताना काम झालं. बत्तीसपैकी एक फाइल उघडली नाही, बाकीच्या शाबूत होत्या. ओमकारने घाईघाईने सीडी बनवली, आणि खात्रीसाठी पहिला धवला लावला. स्पीकरमधून रंगूबाईचा आवाज आला, भरलेला, कुठेही न अडखळणारा. ओमकारच्या अंगावर काटा आला. म्हातारीवरचा राग निम्मा उतरला.

"घे, नीट ऐक," हेडफोन उन्नतीपुढे करत तो म्हणाला. "लाइट जायच्या आत तेवढाच एक पाठ होईल."

उन्नतीने हेडफोन घेतला. आईच्या अंबाड्यावरून तो हलकेच सरकवून तिच्या दोन्ही कानांवर बसवला आणि स्टूल पुढे ओढलं.

"एकेक ओळ लावते, आये. मागून म्हण."

रंगूबाईने डोळे मिटले. पहिली ओळ तिने पुटपुटत, शब्द चाचपत म्हटली. मग थांबली, आणि लेकीकडे वळून विचारलं, "याच्यापुढं काय म्हनायची गो मी?"