नगरसेविकेची मुलाखत

"विचारा की, काय विचारायचं ते," हिंमतराव म्हणाले आणि नगरसेविकेच्या खुर्चीत आणखी सैलावून बसले.

नगरसेविका शेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर बसली होती. कौशल्याबाई. प्रभाग महिलांसाठी राखीव निघाला, म्हणून हिंमतरावांनी बायकोला उभं केलं होतं. निवडून मात्र स्वतःच आले होते. मांजरी गावातल्या त्यांच्या ऑफिसवरच्या फ्लेक्सवरसुद्धा त्यांचं तोंड तिच्या दुप्पट होतं.

समोर अपेक्षा बसली होती. कित्येक वर्षं ती परदेशी पत्रकारांची दुभाषी होती. इथली जात, इथल्या निवडणुका, इथली लग्नं, सगळं त्यांना पचेल असं करून सांगायची. हा माणूस मात्र तिलाच पचेना. डच पत्रकार आनेके कौशल्याबाईंकडे बघून प्रश्न विचारी, अपेक्षा तो मराठीत सांगे, आणि उत्तर खुर्चीतून येई.

"निवडून आल्यावर कसं वाटलं?"

"लय आनंद झाला हिला."

"सभागृहात पहिल्यांदा बोलायला उभं राहताना भीती वाटली?"

"भीती कसली? मी व्हतो की वर गॅलरीत."

दातांत अडकलेली सुपारी हिंमतरावांनी नखानं काढली, नीट बघितली, आणि कौशल्याबाईंच्या नावाच्या पाटीला पुसली.

अपेक्षानं तोंड फिरवलं. या बाईच्या तोंडचं एक वाक्य तरी छापून आलंच पाहिजे, तिनं मनाशी ठरवलं. नाहीतर तिकडच्या वाचकांनाही हेच ध्यान बघावं लागायचं.

तेवढ्यात फोन वाजला. "बोला साहेब, बोला!" करत हिंमतराव बाहेर गेले. अपेक्षा झटकन पुढे सरकली.

"ताई, लवकर सांगा. तुम्हाला स्वतःला काय करायचंय?"

कौशल्याबाईंनी जरासुद्धा विचार केला नाही. "टेम्पो थांबतो ना, तिथं बायांसाठी मुतारी बांधायचीय. मंडईला माल घेऊन जाणाऱ्या बाया घरनं पानी पिऊनच निघत न्हाईत. बास."

आनेके पेन धरून वाट बघत होती. अपेक्षा अडखळली. मुतारी? एवढ्या लांबून आलेल्या बाईच्या हातावर एवढंसंच ठेवायचं? तिनं श्वास घेतला आणि इंग्रजीत सुरुवात केली. पिढ्यान् पिढ्या दाबलेला आवाज. राखीव जागेच्या आडून चालणारी पुरुषांची सत्ता. आणि आता उंबरठ्याबाहेर पहिलं पाऊल टाकणारी स्त्री. आनेकेचं पेन थांबेना. तिनं एकदा डोळेही टिपले.

कौशल्याबाई एकदा हिच्या तोंडाकडे, एकदा तिच्या पेनाकडे बघत राहिल्या.

"ताई, मी येवढंसं बोलले. तुमी येवढा येळ काय सांगितलं?"

"अहो, तुमच्या मनातलंच सांगितलं," अपेक्षा मायेनं त्यांचा हात दाबत म्हणाली.

कौशल्याबाईंनी हात सोडवून घेतला.

"आमचं मालक बी असंच म्हनत्यात."