धरलेले खांब

चेंडू उराशी कवटाळून मार्लेट कॉलेजचा गडी रेषेपलीकडे कोसळला, त्याच क्षणी वेळ संपल्याचे पिस्तूल कडाडले, आणि मैदानाभोवतीचा दोर ओलांडून अवघा गाव आत लोटला.

अमेरिकन फुटबॉलचा सामना जिंकल्यावर गोलखांब उपटून नदीत सोडायचे, हा आयोवातील त्या गावाचा जुना आचार होता. परंतु मार्लेटने या हंगामात एकही सामना जिंकला नव्हता. गेल्या हंगामातही नाही. दीर्घकाळ न घडलेल्या विधीचा क्रम माणसे विसरतात, तसेच झाले. गुणफलकाकडे कोणी पाहिलेच नाही. दोन्ही लाकडी खांबांना हात भिडले, बुंधे सैल झाले, आणि आडव्या दांडीसह ती उंच चौकट जनसमुदायाच्या खांद्यांवर आडवी झाली.

"अहो, थांबा! बरोबरी आहे, बरोबरी!" पिंकनी नावाचे पंच शिट्टी फुंकून फुंकून लाल झाले होते. एरवी ते शेजारच्या गावी लोकांचे दात काढत. तेथे त्यांचे सारे ऐकत. "तेरा-तेरा! एक लाथ मारायची राहिलीय अजून!"

कोलाहल हळूहळू ओसरला. रेषा ओलांडल्याचे सहा गुण मिळाले की वेळ संपली असली तरी एक लाथ मारायला मिळे. चौकटीतून, दांडीवरून चेंडू गेला तर एक गुण आणि विजय. न गेला तर बरोबरी, आणि विजयावाचून सरलेला हंगाम. मात्र चौकटच जागेवर नव्हती. दुसऱ्या टोकाची तर केव्हाच नदीच्या वाटेला लागली होती.

लाथ मारायची होती ती डेल ओस्टरगार्डने. हंगामाच्या पहिल्याच सामन्यात त्याचा चेंडू खांबावर आदळून परत आला होता आणि मार्लेट एका गुणाने हरले होते. तेव्हापासून तो समोर आला की गावकरी अगत्याने मक्याच्या पिकाविषयी बोलू लागत. त्याचा हा अखेरचा सामना होता.

त्याची दृष्टी उपटलेल्या खांबाच्या बुंध्याकडे गेली. खांबाला मिठी मारून तेथे त्याचे वडील उभे होते.

"बाबा! तुम्ही?"

"मी पहिला नव्हतो रे," व्हर्न ओस्टरगार्ड म्हणाले. मग प्रामाणिकपणे पुस्ती जोडली, "दुसरा होतो."

"नुसती बेरीज करायची होती, बाबा. सात आणि सहा तेरा. त्यांचेही तेराच."

"सवय मोडली बघ सगळ्यांची."

कोच धापा टाकत आले. "चेंडू घेऊन पुन्हा रेषेपार पळून मिळवावा म्हटलं तो गुण, तर पोरांत जीव उरलेला नाही. आता लाथ मारायची ती कशातून? ढगातून?"

"खड्डे आहेतच की जागेवर," व्हर्न म्हणाले. "उपटले तसे धरतो उभे. त्यात काय!"

"वा रे वा!" पाहुण्या वेक्सफर्ड संघाच्या बाजूने तांबडा कोट घातलेले एक स्थूल गृहस्थ गरजले. "खांब धरणार तुम्ही आणि लाथही मारणार तुम्हीच? चेंडू जाईल तिकडे खांब पळतील!"

"मग या की धरायला!" व्हर्न म्हणाले. "एक आमचा, एक तुमचा. कोट काढा मात्र, फाटेल."

पंचांनी क्षणभर चिंतन केले. खांब किती उंच असावेत हे नियमांत होते. ते कशाच्या आधारे उभे असावेत, याविषयी नियम मौन होते. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

मुहूर्तमेढ रोवावी तशा आदराने दोन्ही गावांनी ती चौकट उभी केली. डावा खांब व्हर्न आणि मंडळींनी धरला, उजवा तांबड्या कोटाच्या गृहस्थांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी. नोव्हेंबरचा वारा कापलेल्या शेतांवरून येत होता. कोणी खोकलेही नाही.

डेलने पावले टाकली आणि लाथ मारली.

चेंडू उंच गेला, वाऱ्याने डावीकडे कलला, आणि सरळ वडिलांच्या खांबाकडे येऊ लागला. खांब वीतभर बाहेर ढकलला असता, तर चेंडू निर्वेध आत गेला असता. व्हर्ननी डोळे मिटून घेतले.

धप्प असा आवाज झाला. भूमीत घट्ट रोवलेला खांब चेंडूला परत भिरकावतो. हा मात्र किंचित नमला. तो आघात कित्येक खांद्यांनी वाटून घेतला. वेग हरपलेला चेंडू आडव्या दांडीवर पडला, तेथे जरासा घुटमळला, आणि पलीकडे घरंगळला.

पंच धावत आले. "हलवला का कोणी?"

"नाही साहेब," व्हर्न म्हणाले. "हात थरथरत होते. ते काही माझ्या ताब्यात नव्हते."

पंचांनी पाहुण्यांच्या खांबाकडे पाहिले. तांबड्या कोटाच्या गृहस्थांनी वरच्या दांडीवर नजर फिरवली. त्यांच्या एका शब्दाने बरोबरी राहिली असती.

"एकाच दांडीला जोडलेत दोन्ही," अखेर ते म्हणाले. "ढकलला असता तर इकडे कळलं असतं मला. नाही ढकलला." मग त्यांनी खांबावरची पकड सावरली. "थरथरत तर आम्हीही होतो."

गुण मिळाल्याची खूण म्हणून पंच पिंकनींनी दोन्ही हात आकाशाकडे उंचावले.

टोप्या उडाल्या, बँड एकाच वेळी दोन निरनिराळ्या सुरावटी वाजवू लागला, आणि त्या गर्दीतून वाट काढीत डेल वडिलांपाशी पोहोचला. तो हसत होता, रडतही होता. खांब धरणाऱ्यांपैकी एकानेही हात काढला नव्हता, पाहुण्यांनीसुद्धा नाही.

"बाबा, झालं आता! सोडा तो खांब. नदीवर न्यायचाय ना?"

व्हर्ननी मान वर करून चौकटीकडे पाहिले.

"राहू दे रे जरा," ते म्हणाले. "आत्ता कुठे नीट उभा राहिलाय."