राजाच्या गालावर

लक्ष्मीपूजनासाठी शुभाताईंनी घरातली सगळी चांदी टूथपेस्टने घासली आणि तिच्याबरोबर नवऱ्याच्या कपाटातलं ग्रीक राजाचं नाणंही लख्ख करून पाटावर मांडलं. डॉक्टर गुरुदत्त स्वतः ते नाणं हातमोजे घातल्याशिवाय धरत नसत. ते कडाडले, "अगं, बावीसशे वर्षांचा काळा थर होता तो! त्याचीच तर व्हॅल्यू होती! माझ्या नाण्यांना पुन्हा हात लावायचा नाही!"

"देवापुढे काळी चांदी कशी ठेवू?" एवढंच शुभाताई म्हणाल्या. नंतर त्या कपाटाकडे त्या कधी फिरकल्याच नाहीत.

यंदा उन्हाळ्यात शुभाताई गेल्या. अमेरिकेतलं, पार्सिपनीचं घर आवरायला काढलं, तेव्हा गुरुदत्त ते नाणं विकायला घेऊन गेले. दुकानदाराने भिंग लावलं.

"कुणीतरी घासलंय आणि मग उघड्या हाताने धरलंय. हे बघा, राजाच्या गालावर अख्खा अंगठा उमटून काळा पडलाय. पण डोन्ट वरी, हा डाग आत्ता काढून देतो."

"नको!" गुरुदत्त एवढ्या जोरात ओरडले, की दुकानदार दचकला.

दिवाळीला गुरुदत्तांनी सगळी चांदी स्वतः घासली. ते नाणं तेवढं डागासकट पाटावर मांडलं. त्या अंगठ्यावर आपला अंगठा टेकवावा म्हणून त्यांनी हात पुढे केला, आणि तो तसाच थांबला. आपलं बोट लागलं तर तिचा ठसा पुसला जाईल.

ते उठले, आणि कपाटातून हातमोजे घेऊन आले.