दहाव्याची विडी

कार्ड नंबर सत्तेचाळीस. दिवसाला विड्या: तीन.

बाभळीवर पाच कावळे.

गोळी हळू चावा, मग गालात धरून ठेवा. थुंकू नका.

भाताचा पिंड, त्यावर वडा, शेजारी बुंदीचा लाडू.

विडी सोडल्याचा पंधरावा दिवस.

डिंगोऱ्यात नदीकाठी भगवंतचा दहावा होता. प्रवचन संपून पाऊण तास झाला, ऊन डोक्यावर आलं, तरी एकही कावळा खाली उतरेना. राजुरीची पावणी मंडळी घड्याळं बघू लागली. थोरल्या लेकाचं, गोरखचं, सकाळीच भादरलेलं डोकं तापलं होतं. जबडा मात्र हलत होता.

"बापाच्या दहाव्याला चिंगम चघळतो का रं?" चुलता सावळेराम म्हणाला.

"दवाखान्यातली गोळी हाय, नाना. बिडी सुटायची."

"तीन बिड्यांना औषध? मंग माझ्या बंडलाला आपरेशनच लागंल!" दोघंतिघं हसले. सावळेरामनं खिशातून एक विडी काढली. "आप्पानं बिडीबिगर कधी घास गिळला का? पेटवून ठिव म्होरं. थोरल्यानंच पेटवायची."

गोरखनं विडी उदबत्तीला लावली. टोक काळं पडलं, विझलं. ओढल्याशिवाय विडी पेटत नाही, हे त्या काठावर सगळ्यांना माहीत होतं.

"वढ की लेका! एका झुरक्यानं काय व्हतंय?"

दवाखान्यातल्या वैष्णवीताईंनी त्याचं सत्तेचाळीस नंबरचं कार्ड भरताना समोर बसवून सांगितलं होतं, 'तीन म्हणजे थोड्या, असं समजू नका. एक झुरका घेतलात, की तिन्ही परत येतील.'

त्यानं विडी ओठांत धरली. तोंडाला पाणी सुटलं. आई, चिमाबाई, बाभळीकडं बघत होती. नवरा उपाशी ताटकळलाय, एवढंच तिच्या डोळ्यांत होतं.

गोरखनं गालातली गोळी दाताखाली दाबली. विडी तशीच, न पेटवता, पिंडाशेजारी ठेवली आणि हात जोडले.

"आप्पा, म्या सोडली. तुमाला पेटवून द्यायला जमत न्हाई. जेवा आता."

"करंटा," सावळेराम पुटपुटला.

बराच वेळ पानसुद्धा हललं नाही. मग एक कावळा उतरला, विडी ओलांडून गेला आणि भाताला शिवला.

दवाखान्यातलं विडी सोडायचं शेहेचाळीस नंबरचं कार्ड भगवंतनं काढलं होतं, गोरखनं आपलं काढलं त्याच्या आदल्या दिवशी, घरात कुणाला न सांगता.