करपलेली कड

चिरंजीवांच्या फ्लॅटमध्ये उजेड कमी, म्हणून त्यांचं लाडकं मॉन्स्टेराचं झाड आईच्या घरी खिडकीशी आलं आणि आईची आरामखुर्ची दाराआड गेली. अर्धं पान हिरवं, अर्धं पांढरं, म्हणजे फार दुर्मीळ म्हणे! त्याला गाळलेलं पाणी, हवा दमट राहावी म्हणून दिवसभर वाफ सोडणारं यंत्र, आणि रोज चिरंजीवांचा फोन, "झाड कसंय?"

"झाड मजेत आहे. माझा गुडघा सुजलाय रे, डॉक्टरांकडे नेतोस?"

"बघू गं रविवारी."

असे कितीतरी रविवार गेले. आज आईनेच फोन केला, "अरे, एका पानाची कड करपलीय बघ."

चिरंजीव ऑफिस अर्धवट टाकून धापा टाकत आले. आई चपला घालून, रिपोर्टची पिशवी मांडीवर घेऊन दाराशीच बसली होती.

"आलास? चल, आधी दवाखान्यात."

"अगं, पण पान करपलं कशाने?"

"इस्त्रीने."

तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "आजी, महिन्याभराने पुन्हा यावं लागेल. जमेल ना?"



"न जमायला काय झालं? झाडाला अजून चार पानं आहेत."