दोन कपांचं भांडं

दिवाकररावांनी मोका पॉटच्या तळात पाणी भरलं, जाळीत कॉफी दाबली आणि पॉट मंद आचेवर ठेवला. कुमुदला जाऊन दोन महिने झाले होते, तरी कप दोनच काढले. हे भांडं निम्मं भरलं की कॉफी करपट लागायची, एकट्यापुरती करताच येत नसे. दुसरा कप गार झाला की ते बेसिनमध्ये ओतून टाकत.

कालच माहेरी आलेल्या गौतमीनं पिशवीतून मुठीएवढं नवं भांडं काढून ओट्यावर ठेवलं.

"एका कपाचं आहे, बाबा. आईनंच सांगून ठेवलं होतं."

"तिनं? कधी?"

"दवाखान्यात. म्हणाली, 'मी गेल्यावर ह्यांना एका कपाचं आणून दे. मला तो कडू काढा कधीच आवडला नाही गं. पण मी नको म्हटलं असतं, तर ह्यांची कॉफी करपली असती.'"

गॅसवर कॉफी खदखदत वर आली. साखर घालणं म्हणजे कॉफीचा अपमान, असं दिवाकरराव हा पॉट आणल्यापासून अकरा वर्षं येईल त्या पाहुण्याला ऐकवत आले होते. शेजारी बसून कुमुद निमूटपणे आपला कप संपवायची.

त्यांनी गॅस बंद केला. नवं भांडं उचलून फडताळात मागे सारलं आणि दोन्ही कप भरले. मग साखरेचा डबा उघडला, आणि कुमुदच्या कपात दोन चमचे साखर घालून ते बराच वेळ ढवळत राहिले.