कच्चा धावदोरा

एक चादर पुरेना म्हणून थोरल्याने दुसरी जोडली. तो शिंपीच. स्वयंपाकघराच्या मधोमध दोरी बांधून, स्टुलावर उभं राहून त्याने पडदा सोडला, तेव्हा खाली उभी असलेली आई बघतच राहिली.

"कच्चा धावदोरा घातलाय, आई. तो माणूस गेला की एका ओढीत निघेल."

"निघेल ना रे?"

"अगं, माझाच हात आहे तो."

बाहेर गाडीवरचा कर्णा तीच घोषणा देत फिरत होता. चूल तिथे मदत! आमचं राज्य येऊ द्या, चूल तिथे मदत! धाकट्याचा कारखाना बंद पडला होता, थोरल्याच्या मशीनवर नवं कापड दिसेनासं झालं होतं. अशा वेळी पक्षवाल्यांनी हा प्रस्ताव आणला. मदत घरामागे नाही, चुलीमागे. जितक्या चुली, तितक्या वेळा. आणि आज त्यांचा माणूस चुली बघायला येणार होता. मागच्या गल्लीत दोन दिवसांत अशी काही घरं वेगळी झाली होती, की जन्माचे वैरीसुद्धा इतक्या घाईने होत नाहीत.

"घरोघरी मातीच्या चुली म्हणतात," धाकटी सून शेजारून मागून आणलेली शेगडी पुसत म्हणाली. "आपल्याकडे पडद्याच्या."

"जास्त हसू नकोस," थोरली म्हणाली. "तोंड पाड जरा. भांडून वेगळे झालोय आपण."

"कशावरून भांडलो, ताई?"

"तुझ्या चहावरून. तो पिऊन कुणीही वेगळं निघेल."

दोघी खिदळल्या. हसतच त्यांनी भांडी वाटली. मोठी कढई इकडे, तवा तिकडे. पोळपाट एकच, तर लाटणं धाकटीकडे गेलं. आई देवाचं नाव घेत बसली होती. थोरलीने मिठाची बरणी उचलली, तशी आईने ती तिच्या हातातून काढून घेतली.

"मीठ नको वाटू. एवढं एक राहू द्या."

"आई, नाटक आहे हो."

"नाटक तर नाटक. मीठ माझ्याजवळ राहील."

माणूस आला तो हसतमुख. गळ्यात पक्षाचा रुमाल, हातात लाल खडू. त्याने पडद्याच्या इकडची शेगडी हात लावून पाहिली, मग तिकडची. दोन्ही कोमट. धाकटा आणि थोरला एकमेकांकडे न बघता उभे होते. दोघांनाही ते छान जमलं होतं.

"बरं झालं वेगळे झालात. वेळेवर झालात," तो म्हणाला आणि दाराच्या चौकटीवर त्याने दोन रेघा ओढल्या. मग त्याचं लक्ष बरणी धरून बसलेल्या आईकडे गेलं. "आणि आजी कुणाकडे जेवतात?"

कढई वाटली होती, तवा वाटला होता, चिमटासुद्धा वाटला होता. हे मात्र कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"त्याच्याकडे," थोरला म्हणाला.

"त्याच्याकडे," धाकटा म्हणाला.

दोघांचं एकदमच झालं. भावाची चूल खरी वाटावी म्हणून कुणी म्हणालं असेल, गडबडीत कुणाच्या तोंडून गेलं असेल. देव जाणे. पण ऐकायला ते तसं वाटलं नाही. धाकटी हसायला गेली आणि थांबली.

माणूस मात्र खूश झाला. "म्हणजे आजींची तिसरी चूल! मग अडलंय कुठे?" त्याने जराही न थांबता तिसरी रेघ ओढली.

कुणी नाही म्हटलं नाही.

"अजून हा नुसता प्रस्तावच आहे, बरं का. आम्ही निवडून आलो तर," जाता जाता तो म्हणाला. "आणि मी पुन्हा येईन, न सांगता. तिन्हीकडे वेगळं शिजताना दिसलं पाहिजे."

तो गेला. थोरल्याने हात वर करून दोऱ्याचं टोक धरलं.

"राहू द्या," थोरली म्हणाली. "न सांगता येणार म्हणालाय ना तो."

"हो भावजी, राहू द्या," पलीकडून धाकटीचा आवाज आला. तिच्या आवाजात आता हसू नव्हतं.

आईने ओला फडका घेऊन चौकटीवरची तिसरी रेघ पुसून पाहिली. रंग फडक्याला लागला. रेघ होती तिथेच राहिली.

संध्याकाळी पडद्याच्या दोन्ही बाजूंनी कांदा परतल्याचे दोन वास आले. आई बाहेरच्या खोलीत बसून होती. हाक येईल, मीठ मागायला तरी कुणी येईल. आतून थोरली कुणाला तरी म्हणाली, "आई तिकडे जेवल्या असतील." थोड्या वेळाने तेच वाक्य धाकटीच्या आवाजात आलं.

मग शिवणयंत्र सुरू झालं. किती दिवसांनी! आईचा जीव हलका झाला. कुणाचं तरी काम आलं, देवा, पावलास. बरणी घेऊन ती लगबगीने आत गेली.

पडदा दोरीवर नव्हता. सगळं स्वयंपाकघर पूर्वीसारखं एक दिसत होतं. फक्त दोन्ही सुना एकमेकींकडे पाठ करून उभ्या होत्या, आणि जिथे पडदा टेकत होता ती फरशी ओलांडून कुणाचं पाऊल पडत नव्हतं. दोन्ही शेगड्यांपाशी मिठाची एक एक नवी पुडी फोडलेली होती.

कोपऱ्यात थोरला मशीनवर वाकला होता. मांडीवर दोन्ही चादरी.

"काय शिवतोस रे?"

त्याने मान वर केली नाही.

"शिवण कच्ची होती, आई. पक्की करून घेतो."